सहभागी क्रमांक सात

आमच्या वर्गात कुणी रडलं की बाकीच्यांचे चेहरे उजळायचे. उपयोजित मानसशास्त्राच्या पदवीचं ते पहिलं वर्ष. दर शुक्रवारी खुर्च्या गोल मांडायच्या, मधोमध टिश्यूचा डबा ठेवायचा आणि ज्याला वाटेल त्याने मन मोकळं करायचं. विभागप्रमुख मॅडम त्याला 'सुरक्षित जागा' म्हणायच्या. मुंबईहून आलेली मुलं-मुली घरूनच तयारी करून यायची. एकीचं मांजर मेलं होतं, एकाला वडिलांनी कधी जवळ घेतलं नव्हतं, एकीला तर आपण का रडतोय हेच माहीत नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. मी वर्षभर रडले नाही. रडण्यासारखं काही झालं नव्हतं, एवढंच. वर्षाअखेरीस मॅडमनी माझ्याबद्दल लिहिलं की या विद्यार्थिनीत 'भावनिक प्रतिकार' दिसतो.

मनाचा वगैरे शोध घ्यायला मी तिथे गेले नव्हते. चौक गावावरून कर्जतकडे जाताना डोंगराचा एक अख्खा उतार कापून ते कॉलेज बांधलंय. काचेच्या इमारती, हिरवळ, हिरवळीवर न बसण्याच्या पाट्या. स्थानिकांसाठी काही जागा ठेवायच्या असं जमिनी घेताना कबूल केलेलं, म्हणून मला प्रवेश मिळाला. बाकीचे कोर्स भरले होते, मानसशास्त्र उरलं होतं. आमच्या लोधिवलीत बातमी पसरली की ही वेड्यांची डॉक्टर होणार. बायका विहिरीवर अडवून म्हणायच्या, "माज्या मनात काय चाललंय, सांग बरं." मी सांगायचे की भाजी काय करू हे चाललंय. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं. कॉलेजातल्या तीन वर्षांत माझा याहून चांगला निकाल कधी लागला नाही.

मॅडमचा आवाज इतका मऊ होता की मागच्या बाकावर नुसते ओठ हललेले दिसायचे. मान थोडी कलती करून 'हम्म' म्हणायचं आणि समोरच्याचाच प्रश्न त्याला परत द्यायचा, ही त्यांची सगळी विद्या. प्रोजेक्ट कधी द्यायचं विचारलं तर म्हणायच्या, "तुला कधी द्यावंसं वाटतं?" मग वाटलं तेव्हा दिलं की उशीर झाला म्हणून गुण कापायच्या. वर्गातली मुलं त्यांच्या वरताण. आजारांचं पुस्तक हातात पडल्यापासून त्यांना जिकडेतिकडे रोगी दिसायला लागले. वॉचमनने सलाम केला नाही तर तो दडपलेला राग, कॅन्टीनवाला हसला तर तो बचावाचा मुखवटा. वॉचमनला त्यांची नावं माहीत नव्हती आणि कॅन्टीनवाल्याला हसायची सवय होती, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला डोंगरावरच्या एका वाडीत नेलं. ताणतणावाचं व्यवस्थापन हा विषय. बायका नुकत्याच मोळ्या टाकून बसल्या होत्या. आमच्यातल्या एका मुलीने त्यांना डोळे मिटायला लावले आणि श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. डोंगर चढून आलेल्या बायकांना! त्यांनी निमूटपणे श्वास घेतला, सोडला आणि आम्ही जाईपर्यंत पोरांना गप्प बसवलं. परतीच्या बसमध्ये सगळ्यांना फार भरून आलं होतं. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचाही राग येत होता, कारण तीसुद्धा यांनी दिलेली.

आता माझ्या काकांबद्दल सांगायला हवं. वडिलांचे धाकटे भाऊ. आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात काकूबरोबर राहतात, आणि रसायनीतल्या एका रासायनिक कारखान्यात कंत्राटावर कामाला आहेत. माणूस कामाचा, पण तोंडाळ आणि बढाईखोर. स्वतःला ते कधी 'मी' म्हणत नाहीत. 'हा मानूस' म्हणतात. "हा मानूस कुनाला भीत नाय." "ह्या मानसानं आजवर उसनं मागितलं नाय." "ह्या मानसाला अजून चहा नाय आला." चौकच्या नाक्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत त्यांची नक्कल सगळ्यांना येते. कारखान्यातली माणसं तर त्यांच्या पाठीमागे त्यांना त्याच नावाने ओळखतात. लहानपणी मला त्यांचं कौतुक वाटायचं, कॉलेजात गेल्यावर कंटाळा यायला लागला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं मी त्यांच्याबद्दल आईला म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी औद्योगिक मानसशास्त्र आलं आणि मॅडमनी नेमका तोच कारखाना मिळवला. कामगारांच्या समाधानाचा अभ्यास करायचा होता. कारखान्याला कुठल्याशा तपासणीसाठी असा काहीतरी कागद हवा होता, कॉलेजला फोटो हवे होते. पाताळगंगेच्या काठाकाठाने आमची एसी बस गेली. कॅन्टीनमागच्या खोलीत टेबल टाकलं होतं, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. आमची मुलं कामगारांना विचारू लागली, "कामाच्या ठिकाणी तुम्हाला किती आपलेपणा वाटतो? एक ते पाचमध्ये सांगा." कामगार म्हणाले, पाच. वरिष्ठ तुमचं ऐकतात का? पाच. ताण किती आहे? पाच. एकाने निदान विचारून घेतलं की पाच चांगला की एक चांगला, आणि मग पाच सांगितलं. दिवस संपला तेव्हा त्या कारखान्यात सगळे पराकोटीचे सुखी आणि पराकोटीचे त्रस्त होते.

तेव्हा मॅडमना माझी आठवण झाली. "तू इथलीच ना गं?" इतकी वर्षं त्या माझ्या गावाला लोणावळा समजत होत्या. त्या दिवशी त्यांनी नीट विचारून घेतलं, हातात हात घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्याशी ते मोकळे होतील." मुलाखती मी घ्यायच्या, मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या, मग शब्द न् शब्द उतरवून काढायच्या. कामगारांना मात्र आधी सांगायचं की तुमचं नाव कुठेही येणार नाही. नावाऐवजी क्रमांक येईल.

मी घरच्या माणसाला विचारणार नव्हते. काका आपणहून आले. खुर्ची ओढली, मांडीवर हात ठेवले आणि म्हणाले, "चालू कर तुजा मोबाईल. हा मानूस बोलनार हाय, आनि खरं बोलनार हाय."

मी नियमाप्रमाणे सांगितलं, "काका, तुमचं नाव यात कुठंच येनार नाय."

"का? ह्या मानसाला नाव नाय काय?"

मला ती त्यांची नेहमीची फुशारकी वाटली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मास्क हायत," काका म्हणाले. "नाय कोन बोलतो? कपाटात हायत, कपाटाला कुलूप हाय, चावी साहेबाकडं हाय. बाहेरनं तपासनीला कोन आलं का मास्क भायेर निगतात. आपल्या घरात पावन्यांचे कप असतात ना, तसं. पावना गेला का पुसून परत आत. मागं वाडीवरचा आपला गडी टाकी धुवाया उतरला. त्यानं मास्क मागितला तर चावी सापडली नाय. उतर तसाच, बोलले. हा मानूस खाली गेला नसता तर तो गडी वर आला नसता. खांद्यावर टाकून वर आनला त्याला. आनि सुपरवायझरनं काय लिवलं? चक्कर आली. उपाशी होता, बोलला, म्हनून चक्कर आली. अगं, ह्या मानसानं सोता त्याला डबा खाताना बगितलाय!"

मी पहिल्यांदाच काकांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. ते टाकीत उतरले होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एरवी चहाला उशीर झाला तरी गावभर सांगणारा माणूस, आणि हे त्याने पोटात ठेवलं होतं. काका बोलले हे कळल्यावर बाकीचेही एकेक करून आले आणि खरं बोलले. तो वाडीवरचा गडीसुद्धा आला. तेव्हापासून त्याला दम लागतो, वाडीची चढण चढताना तो जागोजागी बसतो. मी त्याला विचारलं तर मोबाईलकडे बघत म्हणाला, "चक्कर आली होती." जे लिहिलं गेलं तेच तो बोलला.

अहवाल लिहायला बसले आणि अडकले. मॅडमचा आग्रह होता की प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आलं पाहिजे. संशोधनाचा आत्मा म्हणे तो. मी लिहिलं होतं, सहभागी क्रमांक सात, आणि खाली अवतरणचिन्हांत, 'हा मानूस खाली गेला नसता तर...' मी ते एकदाच वाचलं आणि मला काकांचा आवाज ऐकू आला. कारखान्यातल्या कुणालाही आला असता. आणि हे सगळं कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये, पडद्यावर, मॅनेजर आणि सुपरवायझरसमोर दाखवायचं होतं.

कंत्राटी माणसाला कुणी कामावरून काढत नाही. तसा अपमान कुणी करत नाही. महिना संपला की कंत्राटदाराकडे नवे गेटपास येतात, त्यात तुमचा नसतो. विचारलं तर तो म्हणतो, वरून आला नाय. दुसऱ्या महिन्यातही वरून येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला रसायनीत दुसरं गेट उघडत नाही, आणि काका-काकूंचं घर त्या एका गेटपासवर चालतं. काकू मला मागच्या दारी गाठून म्हणाली होती, "त्यांना आवर गं. बोलून बसतील आनि पास जाईल. तुजं कालेज काय आमाला खायाला देनार हाय?"

मी मॅडमकडे गेले. सांगितलं की सात नंबर माझे काका आहेत आणि या वाक्यावरून त्यांना गेटवरचं कुत्रंसुद्धा ओळखेल.

"पण आपण नाव काढलंय ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तिथे त्यांचं नावच ते आहे."

"हम्म. तुला भीती वाटतेय."

"मला नाही वाटत. त्यांची नोकरी जाईल."

"बघ, आपली भीती आपण दुसऱ्यावर टाकतो कधीकधी. तू या माहितीच्या फार जवळ आहेस." मान आणखी कलली. "तुझ्या लहानपणी हे काका फार महत्त्वाचे होते का गं?"

मला त्या क्षणी टेबलावरची त्यांची तुळशीची कुंडी उचलून खिडकीबाहेर टाकावीशी वाटली. एका माणसाच्या पोटावर पाय येतोय, आणि या बाई माझं लहानपण उकरून काढतायत. वाक्य थोडं बदलू का, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, शब्द बदलले की माणसाचा आवाज मरतो. हे वाक्य त्या दरवर्षी म्हणायच्या. आवाज पगारी असतो आणि पगार दुसऱ्याच्या हातात असतो, हे त्यांना उभ्या आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी दरीत पडली तर तिला विचारायचं, पडताना तुला काय वाटलं?

काकांना विचारावं असं मला वाटलं नाही, हे खरं आहे. विचारायचं काय? ते म्हणाले असते, हा मानूस घाबरत नाय. आणि काकू रडली असती. मी घरी बसून सगळी अवतरणं काढून टाकली. फक्त काकांची नाही, सगळ्यांची, म्हणजे कुणाचंच वेगळं दिसायला नको. टाकी गेली, कुलूप गेलं, कप गेले. त्यांच्या जागी पुस्तकी वाक्यं आली, आणि ती मला किती भराभर सुचत होती! तीन वर्षांत काही शिकले नाही असं मी म्हणत होते, पण हे मी चांगलंच शिकले होते.

हॉलमध्ये सादरीकरण झालं. एसी इतका थंड होता की मुली ओढण्या गुंडाळून बसल्या होत्या. मी वाचलं, मॅनेजरने मान डोलावली, सुपरवायझरने जांभई दाबली. 'संवादाच्या संधी वाढवाव्यात' या आमच्या सूचनेवर मॅनेजर विशेष खूश झाला. त्याने आम्हाला एकेक रोप दिलं, फोटो काढले, आणि वर म्हणाला की आमचे कामगार म्हणजे आमचं कुटुंब. मॅडमनी त्याच्याशी हसून हात मिळवला आणि बसमध्ये बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या अहवालात माणसं सापडली नाहीत गं." गुण सर्वांत कमी मला. पुढच्या महिन्यात काकांचा गेटपास आला. मी माझ्यापुरता निकाल तिथे बघितला.

पण काका वाट बघत होते. हे मला माहीत नव्हतं. नाक्यावर त्यांनी सांगून ठेवलं होतं की साहेबासमोर मोठ्या पडद्यावर ह्या मानसाचं बोलनं लागनार हाय. सादरीकरणाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले होते, मॅनेजरने बोलावलं तर बरं दिसावं म्हणून. बोलावणं आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. एका दुपारी पहिली पाळी करून आले आणि मी पडवीत बसले होते तिथे येऊन उभे राहिले.

"मंग? साहेब काय बोलला?"

"चांगलं झालं, बोलला."

"टाकीचं ऐकून चांगलं झालं बोलला?"

मी खरं काय ते सांगितलं. का केलं तेही सांगितलं. काका म्हणाले, काय लिवलंस ते वाच. मी आतून अहवाल आणला आणि वाचलं, 'सुरक्षा साधनांच्या उपलब्धतेबाबत काही सहभागींनी अपुरेपणाची भावना व्यक्त केली.'

"परत वाच."

मी परत वाचलं.

"ह्यात हा मानूस कुटं हाय?"

"काका, तुमचा पास..."

"ऱ्हाऊ दे पास. टाकी कुटं हाय? कुलूप कुटं हाय? तो गडी कुटं हाय?"

काका ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्या काकांची मला सवय होती. ते हळू आवाजात म्हणाले, "त्यानं चक्कर लिवली. तू भावना लिवलीस." मग चपला काढून आत गेले. काकूने मला खुणेने सांगितलं की लक्ष देऊ नको, आणि त्या दिवशी मुद्दाम माझ्यासाठी तांदळाची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली.

पुढे मी पास झाले. खोपोलीच्या एका शाळेत समुपदेशक म्हणून लागले. मॅडम आता मोठमोठ्या ठिकाणी ऐकण्याच्या कलेवर व्याख्यानं देतात असं कळतं. ऐकायला गर्दी होते म्हणे. त्यांचा मला अजून राग येतो आणि तो जावा असं वाटतही नाही. मास्क अजून कपाटात आहेत. वाडीवरच्या त्या गड्याने टाकीचं काम सोडलं, आता तो वीटभट्टीवर जातो. आणि काकांचा गेटपास दर महिन्याला येतो. माझ्यामुळे येतो. उद्या तोच अहवाल पुन्हा लिहायला बसवलं तर मी पुन्हा तसाच लिहीन, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

काका बदललेले नाहीत. नाक्यावर अजून त्यांचा आवाज लांबून ऐकू येतो. हा मानूस असा आणि हा मानूस तसा. घरात काकूशी, माझ्या वडिलांशी, भाजीवालीशीसुद्धा तसेच बोलतात. मी गेले की आवाज खाली येतो. परवा शाळेतून येताना मी त्यांच्या दारात थांबले आणि विचारलं, काका, जेवलात का?

"हो," काका म्हणाले. "जेवलो मी."